परदेशप्रवास आणि सॉफ्टवेअरचा परवाना



परदेशीं जाणारा मनुष्य निघण्यापूर्वीं पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट तीनतीनदां तपासून पाहतो. परंतु ज्या लॅपटॉपवर त्याचें सारें काम अवलंबून असतें, त्यांतील सॉफ्टवेअर परक्या देशांत चालेल कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून परदेशीं जाणारीं माणसें आतां आपल्या घरोघरीं आहेत. म्हणून हा विषय केवळ कचेरीचा राहिलेला नाहीं.

पुस्तक विकत घेतलें कीं तें आपलें झालें. तें आपण जपानला न्यावें, वीस वर्षांनीं उघडावें. प्रकाशक आडवा येत नाहीं. ग्रंथस्वामित्वाच्या १९५७ सालच्या आपल्या कायद्यानें संगणकाच्या आज्ञावलीलाहि वाङ्मयकृतींतच गणलें आहे. व्यवहारांत मात्र आपल्या हातीं येतो तो बहुधा वापराचा परवाना. पूर्वीं एकदां पैसे भरले कीं हा परवाना पुष्कळदां कायमचा मिळे. मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं ऑफिस ३६५ ही वर्गणीची योजना आणली, आणि अॅडोबीनें २०१३ सालीं आपल्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेंच देण्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून सॉफ्टवेअरचें नातें ग्रंथापेक्षां भाड्याच्या घराशीं अधिक जुळूं लागलें. भाडें भरलें आहे ना, राहणारा तोच आहे ना, हें घरमालक वरचेवर विचारीत असतो.

हें विचारणें इंटरनेटवरून होतें. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ऑफिस साधनांना तीस दिवसांतून निदान एकदां इंटरनेटवरून आपला परवाना ताजा करून घ्यावा लागतो. तो तसा झाला नाहीं तर जुना कागद उघडतो, छापतांहि येतो. पण त्यांत एक अक्षर बदलतां येत नाहीं. पुण्यांत बसलेल्या माणसाला या अटीची जाणीवहि होत नाहीं. परंतु जो अभियंता इंटरनेट नसलेल्या खाणीवर किंवा जहाजावर पांच आठवडे आहे, त्याच्या हातांतून ऐन अहवालाच्या दिवशीं लेखणी काढून घेतल्यासारखें होतें. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं लागणारें प्रत्येक सॉफ्टवेअर इंटरनेट जोडून एकदां उघडावें आणि त्याची मुदत किती दिवसांची आहे, तें लिहून घ्यावें.

परवान्यांचे प्रकारहि ओळखले पाहिजेत. कांहीं परवाने व्यक्तीच्या नांवावर असतात. ते तिच्याबरोबर प्रवास करतात. कांहीं परवाने ठराविक संख्येनें कचेरीच्या सर्व्हरवर ठेवलेले असतात, आणि कचेरीशीं जोडणी असेल तोंवरच ते उपयोगीं पडतात. यांतील पुष्कळ परवाने ग्रंथालयांतील पुस्तकाप्रमाणें कांहीं दिवसांसाठीं उसने नेतां येतात. मुदत संपतांच ते आपोआप परत जमा होतात. मुदत परतीच्या तारखेपेक्षां थोडी अधिक ठेवावी, कारण विमानें चुकतात आणि कामें लांबतात. मात्र एकानें नेलेला परवाना मागें राहिलेल्यांना तेवढे दिवस मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. तिसरी अट प्रदेशाची. आराखडे काढण्याच्या कांहीं सॉफ्टवेअरचा करार खरेदीच्या प्रदेशापुरता असतो. आठवडाभराचा दौरा निराळा आणि तेथें राहून वर्षभर काम करणें निराळें. दुसऱ्या प्रसंगीं विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावें.

देशोदेशींच्या राजकारणाचाहि येथें संबंध येतो. अमेरिकेंत तयार झालेल्या सॉफ्टवेअरला तेथील निर्यातीचे नियम जगांत कोठेंहि लागू होऊं शकतात. म्हणून इराण, क्यूबा किंवा उत्तर कोरिया येथें कचेरीचा लॅपटॉप नेण्यापूर्वीं कायदेतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. चीनच्या मुख्य भूमीवर गूगलच्या सेवा सरळ मार्गानें उघडत नाहींत. तेव्हां ज्या सॉफ्टवेअरचें दार गूगलच्या खात्यानें उघडतें, तें तेथें दारांतच अडतें.

ओळख पटविण्याची अडचण तर सर्वत्र आहे. काल पुण्यांत उघडलेलें खातें आज फ्रँकफुर्टमध्यें उघडूं लागलें कीं पहारेकरी यंत्राला चोराचा संशय येतो, आणि तें खात्रीचा आकडा मोबाईलवर पाठवितें. तें सिमकार्ड घरच्या कपाटांतील फोनमध्यें असलें, तर रात्रीं दोन वाजतां वडिलांना उठवून आकडा वाचून घेण्याची पाळी येते. इंटरनेटवांचूनहि मोबाईलमध्येंच असा आकडा तयार करणारें ॲप आधींच बसवून घेतलें, तर घरच्यांची झोप मोडत नाहीं. आणखी एक लहानशी सूचना: परदेशीं पोंचल्यावर संगणकाचें घड्याळ हातानें पुढेंमागें करूं नये, केवळ कालविभाग बदलावा. चुकलेल्या घड्याळामुळें कांहीं परवाने वैध असूनहि नाकारले जातात.

हें सर्व सांगण्याचें खरें कारण निराळेंच आहे. सॉफ्टवेअर बंद पडलें कीं यजमानांसमोर मान खालीं घालावी लागते ती प्रवासी कर्मचाऱ्याला; करारावर सही मात्र कचेरीची असते. अशा कोंडींत सांपडलेला प्रामाणिक मनुष्यहि सहकाऱ्याचा परवलीचा शब्द मागतो, किंवा कोठून तरी चोरटी प्रत उतरवून घेतो, आणि कचेरीच्या गैरसावधपणाचा दोष आपल्या माथीं घेतो. म्हणून प्रत्येक कचेरीनें या कामासाठीं एक जबाबदार माणूस नेमावा. कोण, कोठें, किती दिवस जाणार आणि त्याला कोणतें सॉफ्टवेअर लागणार, याची नोंद त्यानें तिकीट काढण्याच्या वेळींच करावी. भारतांत रात्र असतांनाहि ज्यावर उत्तर मिळेल असा फोन क्रमांक प्रवाशाला द्यावा. आणि मनुष्य परतला किंवा नोकरी सोडून गेला, कीं त्याचा परवाना मोकळा करून घ्यावा, म्हणजे न वापरलेल्या परवान्याची वर्गणी भरावी लागणार नाहीं. आणि आपल्या घरांतून कोणी कामासाठीं परदेशीं निघालें असेल, तर बॅग भरण्यापूर्वीं हे प्रश्न त्यानें कचेरीला निःसंकोचपणें विचारावेत. त्यांचीं उत्तरें देणें हें कचेरीचें कर्तव्यच आहे.