पद्मिनीत ईकोचं इंजिन: स्वस्तात बसतं का?

गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: "दादा, घरी जुनी पद्मिनी उभी आहे. कमी पैशात नवं इंजिन टाकता येईल का?" आज तेवढंच बोलू.

आधी एक गोष्ट. जुन्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन म्हणजे पाप, असं म्हणणारे खूप भेटतील. पण कंपन्यांनीही हेच केलंय. 1992 मध्ये हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि 5 गिअर दिले. प्रीमियरने 118 एनई काढली, तीत फियाट 124 ची बॉडी आणि निस्सानचं इंजिन. त्यामुळे विचार चुकीचा नाही, हिशोब मात्र नीट करायला हवा.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम 40 अश्वशक्तीच्या आसपास. ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे स्विफ्ट, सँट्रोसारख्या गाड्यांची आडवी इंजिनं विसरा. पुढची चाकं ओढणारा सगळा सेट पद्मिनीत कोंबायचा म्हणजे अर्धी गाडी नव्याने बनवणं. सोयीचा डोनर म्हणजे मारुती ईको. 2010 मध्ये आली तेव्हा 1196 सीसी, 70 च्या वर अश्वशक्ती, इंजिन उभं, 5 गिअर, ओढ मागे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच घ्यायचे. मग लेथवाल्याकडे प्रोपेलर शाफ्ट मापाने कापून, फ्लँज जुळवून, बॅलन्स करून घेतला की मोठं कोडं सुटतं.

आता खरा खर्च. सुटं इंजिन स्वस्त मिळतं म्हणून लोक उड्या मारतात आणि तिथेच फसतात. हे इंजिन ईसीयूशिवाय चालत नाही. ईसीयू, वायरिंग, सेन्सर, इमोबिलायझर असेल तर त्याची चावी, सगळं एकाच गाडीतलं लागतं. म्हणून जमलं तर अपघातात गेलेली अख्खी ईकोच घ्या, कागदांसकट. पद्मिनीचा जुना पेट्रोल पंप कार्ब्युरेटरपुरता. इंजेक्शनला साधारण 3 बार दाब लागतो, म्हणजे इलेक्ट्रिक पंप, नवी लाइन आणि टाकीत फेरफार. वर रेडिएटर, माउंटिंग, सायलेन्सर. चेंबर खालच्या बीमवर आपटतो का, हे इंजिन क्रेनला लटकवूनच कळतं. स्टिअरिंगवरची गिअरदांडी जाते, जमिनीत भोक पडतं. माझा अंदाज असा की इंजिनाला जेवढे मोजाल, निदान तेवढेच बाजूला ठेवा.

आणि ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ताकद दुपटीच्या जवळ नेऊन ड्रमवर घाट उतरायचा? पुढे डिस्क बसवायला पैसे नसतील तर इंजिनही नको, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या गाडीची आरसी दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तिथे इंजिन नंबर बघतात. अपघात झाला तर विमावालेही बघतात.

माझ्या चुलतभावाकडे काकांची 1976 ची पद्मिनी आहे. त्याला ईकोचं इंजिन टाकून शनिवार-रविवार फिरायचंय. त्याला मी एवढंच विचारलं, गाडीला 50 वर्षं होतायत, माहितीये ना? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये. इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. गंमत अशी की व्हिंटेज नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे त्याला ज्यासाठी गाडी हवीये, ते दोन्हीकडून अडतं! शेवटी त्याने जुनंच इंजिन उघडलं. बोअर, नवे पिस्टन, कार्ब्युरेटर साफ, साधी नोंदणी चालू. 40 अश्वशक्तीत महाबळेश्वर चढते, फक्त मागे हॉर्न वाजत राहतात.

तुमची गाडी 90 च्या दशकातली असेल, आधीच गंजून अर्धी झालेली असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे. तिथे ईकोचा विचार जरूर करा. पण मूळ बीम कापू नका, माउंटिंग नट-बोल्टने बसेल असं बनवून घ्या, आणि काढलेलं इंजिन भंगारात न देता ऑइल घालून झाकून ठेवा. आरटीओत आरसी घेऊन आधी जा, लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. ईकोचं टोकन त्यानंतर.