पारसिकचा दगड आणि सोळा दिवस

(कळवा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)

कळव्यात येऊन दगडावर बोलायचं म्हणजे कोळ्याला मासे शिकवण्यासारखं आहे. पारसिकचा डोंगर तुमच्या खिडकीत उभा. 1916 साली रेल्वेनं त्याच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढला. तोच हा काळा पाषाण, बेसाल्ट, साऱ्या दख्खनचा. आपल्या भागातल्या घरांच्या काँक्रीटमध्ये खडी होऊन तोच बसलाय.

काळा दगड म्हणजे पक्का दगड, असं आपण मानतो. भार झेलायला तो पक्काच आहे. पण लाव्हा थंडावताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून आलेली खनिजं साचली: झिओलाइट, अकीक, गारगोटी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती काचेआड मांडलेली आहेत, लोक हौसेनं बघतात. खडीत अकीक दिसला की माझ्या मात्र कपाळाला आठ्या पडतात.

सिमेंटमधले सोडियम-पोटॅशियमचे क्षार काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्यात उतरतात. त्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात अकिकातली सिलिका विरघळू लागते, तिचा चिकट जेल होतो आणि तो ओल पिऊन फुगतो. काँक्रीट आतून उकलतं. वर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा दिसतात. यात वर्षं जातात, म्हणून 28 दिवसांच्या क्यूब टेस्टमध्ये काहीच कळत नाही. आणि खाडीकाठच्या पायाला ओलीचा काय तोटा! कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी हा रोग 1940 साली ओळखला. आपल्या देशात रिहंद आणि हिराकुड धरणांच्या कामांत तो आढळला. तिथला दगड बेसाल्ट नव्हे, पण धडा तोच.

चाचणी तशी साधी आहे. आधी दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घासून काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा: ज्वालामुखी काच किती, अकीक किती. शंका आली तर खडी दळून सिमेंटबरोबर बोटभर जाडीच्या कांड्या ओतायच्या. साच्यातून काढून एक दिवस 80 अंशांच्या गरम पाण्यात, मग 14 दिवस तितक्याच गरम कॉस्टिक सोड्यात. ओतल्यापासून सोळा दिवस. लांबी 0.10 टक्क्याच्या आत वाढली तर दगड निरुपद्रवी, 0.20 च्या वर गेली तर संशयित. 250 मिलिमीटरच्या कांडीत 0.10 टक्का म्हणजे पाव मिलिमीटर! मधल्या आकड्यांवर खल चालतो. माझ्या मते तिथं घाई करूच नये. दगड संशयित निघाला म्हणून खाण बंद करायची गरज नसते. सिमेंटमध्ये पुरेशी फ्लाय ॲश किंवा स्लॅग घालून पुन्हा कांड्या ओताव्यात.

खरी गोम नमुन्यात आहे. एकदा एका कंत्राटदाराचा माणूस माझ्याकडे गोणीभर खडी घेऊन आला. एकेक खडा निवडलेला, धुतलेला. देवघरात ठेवावा असा. मी ती परत पाठवली. लाव्ह्याचे थर एकावर एक असतात, सुरुंग लागला की खाणीचं तोंड पुढे सरकतं आणि खालचा थर वरच्यासारखा असेलच असं नाही. तीन वर्षांपूर्वीचा अहवाल त्या वेळच्या ढिगाचा. आजच्या खडीला तो लागू नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात, त्यांनी फरशीचा रंग ठरवण्याआधी खडीचा अहवाल मागावा. त्यावर खाणीचं नाव आणि नमुना घेतल्याची तारीख नसेल, तर तो परत करा.