एक्स-रे आणि चित्रं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजन समितीने प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय मोकळा ठेवला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे एआय आणि नोकऱ्या यांवर बोलेन, असं काहींनी गृहीत धरलं होतं. ते जेवताना बोलूच. आत्ता मला एका चित्रकाराबद्दल बोलायचं आहे. शेवटी समितीपुढे एक मागणीही ठेवणार आहे, म्हणून अध्यक्षांनी कृपया घड्याळ जरा उशिरा बघावं.

चित्रकाराचं नाव सुधीर पटवर्धन. आपल्या टिटवाळा लोकलने गेलं तर ते अर्ध्या-पाऊण तासावर, ठाण्यात राहतात. त्यांचा जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. १९७२ मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईला आले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकलेचं कॉलेज त्यांनी केलं नाही, ते स्वतःचं स्वतः शिकले. १९७९ साली दिल्लीच्या आर्ट हेरिटेज गॅलरीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. ही गॅलरी इब्राहिम अल्काझींची. नाटकवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि तेही जन्माने पुण्याचेच. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे गाजलेलं प्रदर्शन झालं. त्यात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्या बरोबरीने पटवर्धनांची चित्रं होती. देशात नाव झालं, तरी ठाण्यातलं एक्स-रेचं काम पुढे चोवीस वर्षं चालूच राहिलं.

हे मुद्दाम आकड्यांत सांगते आहे, कारण आपल्याकडे कलेचे दोनच कप्पे असतात. एक म्हणजे सगळं सोडून त्यात उडी घेणारा, आणि दुसरा म्हणजे हौस. हौस म्हटलं की ती रविवारी करायची, नाहीतर रिटायर झाल्यावर. आपल्या वर्गात सुंदर गाणारी होती, नक्कल करणारे होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवणारे होते. आता आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत, आणि मगाशी चहाच्या वेळी "मुलांची शिक्षणं झाली की बघू" हे वाक्य मी किमान चार जणांकडून ऐकलं. पटवर्धनांचं आयुष्य या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. त्यांनी काम सोडलं नाही आणि चित्र पुढेही ढकललं नाही. ती तीस वर्षं दोन्ही शेजारीशेजारी चालली, आणि चित्राला त्यांनी कधी उरलेल्या वेळातली गोष्ट मानलं नाही.

उलट, मला तर वाटतं की एकाने दुसऱ्याला खाऊ घातलं. रेडिओलॉजिस्टकडे कोण येतं? ज्याची पाठ धरली आहे तो हमाल, छातीत कफ साठलेला गिरणी कामगार, पाय मोडलेला रिक्षावाला. पटवर्धनांच्या सत्तरीच्या नि ऐंशीच्या दशकातल्या चित्रांत हाच माणूस आहे. त्याचं शरीर जड, भरीव, चित्रभर पसरलेलं. १९७७ चं 'इराणी रेस्टॉरंट', १९८० चं 'ट्रेन', १९८१ चं 'ओव्हरब्रिज' ही नावंच बघा. देव नाहीत, राजे नाहीत, निसर्गरम्य खेडं नाही. आपण रोज जिथून जातो त्या जागा आणि रोज ज्यांना धक्का देऊन पुढे जातो ती माणसं.

पण इथे एक अडचण होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. आपण डॉक्टर, मध्यमवर्गीय. कष्टकऱ्याचं चित्र काढण्याचा आपल्याला अधिकार काय? हा प्रश्न त्यांच्या कामात वर्षानुवर्षं आहे. समीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'द कम्प्लिसिट ऑब्झर्व्हर' असं आहे. मी त्याचा अर्थ असा लावते : बघणारा, पण जे चाललं आहे त्यात स्वतःही सामील असलेला. लोकलच्या दारात उभं राहून झोपडपट्टीकडे बघणारे आपण सगळे तसेच आहोत.

आता त्यांचं चित्र तयार कसं होतं ते सांगते. आठवतं का, कार्यानुभवाच्या तासाला आपण जुन्या मासिकांतली रंगीत पानं फाडून कोलाज करायचो? एका पानावरचं आभाळ, दुसऱ्यावरची बस, तिसऱ्यावरची बाई. डिंक लावण्याआधी तुकडे कागदावर सरकवून बघायचे. खरं काम तेच असायचं, चिकटवणं शेवटी. पटवर्धन रंगांनी काम करतात, पण त्यांची शहराची मोठी चित्रं बघताना मला ते सरकवणं आठवतं. रस्त्यावर केलेली रेखाटनं, फोटो, लक्षात राहिलेले चेहरे, वेगवेगळ्या जागी उभं राहून दिसलेले देखावे हे सगळं एका चौकटीत येतं. २००१ सालचं 'लोअर परळ' घ्या. एका जागी उभं राहून तेवढं सगळं एका नजरेत मावणारच नाही. ते अनेक ठिकाणांहून बघून जुळवलेलं आहे, आणि तरी आपल्याला वाटतं, हो, हेच लोअर परळ. कारण शहर आपल्या डोक्यातही तसंच तुकड्यातुकड्यांनी साठलेलं असतं.

गिरणगाव हा आपल्यासाठी लांबचा विषय नाही. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरणी कामगारांची कुटुंबं कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात सरकली. त्यांतली काही मुलं आपल्याच बाकांवर बसली होती. अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' नावाचा माहितीपट आहे, तोही २००१ चाच. त्यात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार पटवर्धन यांच्या नजरेतून ती गिरण्यांची मुंबई दिसते. मिळाला तर जरूर बघा.

आणि त्याच २००१ साली त्यांनी आणखी एक चित्र केलं. त्याचं नाव 'उल्हासनगर'.

मित्रांनो, हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग वाईट वाटलं. हसू अशासाठी की उल्हासनगर या शब्दावर आपण आयुष्यभर विनोदच ऐकले आहेत. शहाड स्टेशनाच्या एका बाजूला उतरलं की कॅम्प नंबर एक. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी छावणीच्या बराकींतून उभं केलेलं ते शहर. तिथल्या मालावर आपण 'मेड इन यूएसए'चा विनोद करत आलो. वाईट अशासाठी की चित्र काढण्यासारखी ही जागा आहे, असं मला शाळेच्या दहा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. 'माझे गाव' या विषयावर चित्र काढायला सांगितलं की आपण दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि नारळाचं झाड काढायचो. उल्हास नदी शेजारी असून ती नदी आपली नसायची. सेंच्युरी रेयॉन, स्टेशनाचा पूल, बिर्ला मंदिराबाहेरची फुलवाली, मोहन्याकडे सायकलने जाणारे कामगार यांना त्या कागदावर जागाच नव्हती. ज्या जागेचं चित्र कोणी काढत नाही, ती जागा हळूहळू तिथे राहणाऱ्यांनाही कमी प्रतीची वाटू लागते. "कुठे राहतोस?" या प्रश्नाला आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात "कल्याण" असं उत्तर दिलं आहे. शहाड म्हणायला जीभ अडखळायची.

दुसरी गोष्ट प्रदर्शनाची. चित्र पूर्ण झालं की काम संपत नाही, ते लोकांसमोर जावं लागतं. आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे काळा घोड्याची जहांगीर. १९५२ पासूनची ती गॅलरी मोठीच आहे. पण शहाडहून तिथे पोहोचायला दीड तास लागतो, आणि काचेचं दार ढकलताना आपल्याला उगाच वाटतं की कोणीतरी आत काय काम आहे म्हणून विचारेल. ही भिंत पटवर्धनांनाही दिसली असावी. २००८ मध्ये त्यांनी 'एक्स्पांडिंग होरायझन्स' नावाचं समकालीन भारतीय कलेचं फिरतं प्रदर्शन रचलं. पाठबळ बोधी आर्ट या गॅलरीचं, निवड पटवर्धनांची. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ते मुंबईहून निघून अमरावती, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर, कोल्हापूर, पुणे आणि नाशिक असं फिरलं. भरलं कुठे, तर अमरावतीला संत ज्ञानेश्वर नाट्यसंकुलात, सोलापूरला हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या सभागृहात, नाशिकला सार्वजनिक वाचनालयात. म्हणजे जिथे लोक नाटकाला जातात, वर्तमानपत्र वाचायला जातात, अशा जागी. चपला कुठे काढायच्या, हे जिथे माहीत असतं, अशा जागी. प्रत्येक गावी जेमतेम चार दिवस. पेट्या उघडायच्या, चित्रं टांगायची, दिवे लावायचे, आलेल्या प्रत्येकाशी बोलायचं, पुन्हा पेट्या भरायच्या आणि पुढचं गाव. नावाजलेल्या चित्रकाराने हे काम अंगावर घेतलं, याचं मोल मला त्यांच्या चित्रांइतकंच वाटतं.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे मोठं प्रदर्शन भरलं. नॅन्सी अडाजानिया यांनी ते मांडलं होतं. पहिल्या एकल प्रदर्शनापासून मोजलं तर तोवर चाळीस वर्षं झाली होती.

आता मागणी. शाळेसाठी आज निधी जमतो आहे. यादीत स्मार्ट बोर्ड आहे, संगणक आहेत. ते हवेतच, माझं पोट त्यावर चालतं, मी कशाला नको म्हणू? पण त्याच निधीतून मला एक भिंत हवी आहे. सभागृहाची डावीकडची भिंत, जिथे आत्ता तुटलेली बाकं रचून ठेवली आहेत. ती पांढरी रंगवायची, वर चित्रं टांगायला एक पट्टी लावायची, चार चांगले दिवे. वर्षातून चार दिवस तिथे प्रदर्शन. आजी विद्यार्थ्यांचं, आणि आपलंही. विषय एकच, शहाड आणि आसपास. डोंगर-सूर्य-नारळ चालणार नाहीत. स्टेशनचा पूल चालेल, मुरबाड रोडवरची ट्रॅफिक चालेल, बंद पडलेल्या कारखान्याचं गेट चालेल. कोलाजही चालेल, मासिकं मी आणते. चित्र काढता येत नसेल त्याने फोटो आणावा. उद्घाटन चित्रकलेच्या बाईंनी करावं. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जायचा, तरी उरलेल्या तासांत त्यांनी आम्हाला बघायला शिकवलं.

माझी दहा मिनिटं संपली. ज्यांना "मुलांची शिक्षणं झाली की बघू" असं वाटतं, त्यांनी आपलं नाव आजच, जेवणाआधी, माझ्याकडे लिहून द्यावं. वही आणि पेन घेऊन मी दाराशीच उभी आहे.