पुढे काय?



दहावीचा निकाल लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? प्रश्न दोनच शब्दांचा; परंतु त्याचे उत्तर विचारणाऱ्यापाशी नसते आणि ज्याला विचारला जातो त्याच्यापाशीही नसते. किन्हवली, डोळखांब, टोकावडे किंवा धसई परिसरातील सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्याची दिशा त्या चार दिवसांत ठरवावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की मुलाला ध्येय नाही, जिद्द नाही, असा ठपका ठेवून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. हा ठपका कितपत न्याय्य आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

जे दिसते तेच निवडता येते

हे दोन्ही तालुके मुंबईच्या दाराशी आहेत आणि तरीही दूर आहेत. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून पहाटेची लोकल शेकडो माणसांना कल्याण-ठाण्याकडे नेते. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील तरुण एस.टी.ने कल्याण गाठतो, नाहीतर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम शोधतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांच्या घरी मोबदल्याची रक्कम आली. त्या रकमेबरोबर आयुष्याची आखणी मात्र आली नाही.

दुसऱ्या बाजूला कातकरी आणि अन्य भूमिहीन कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरतात. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत त्यांची मुले शाळेत नसतात, भट्टीवर असतात. त्यांच्यापुढे ‘पुढे काय’ हा प्रश्न उभाच राहत नाही. तो त्यांच्या वतीने मुकादमाच्या उचलीने आधीच सोडविलेला असतो.

अशा परिस्थितीत मुलाच्या डोळ्यांसमोर असतात त्या दोन-तीनच वाटा : भाताची शेती, कारखान्यातील हंगामी काम, किंवा गावातील कोणी लागला आहे त्या ठिकाणची नोकरी. जे कधी पाहिलेच नाही, त्याची निवड कोणी कशी करावी? मुलाजवळ बुद्धी नसते असे नाही. त्याला ओळख नसते. हा भेद ध्यानी घेतला, तर उपदेशाने का भागत नाही हेही ध्यानी येईल.

फांगणे येथील पाटी

दिशा कशी सापडते, याचे एक उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे, आणि ते तरुणांचे नसून आजीबाईंचे आहे. फांगणे हे या तालुक्यातील एक लहानसे गाव. २०१६ साली शिवजयंतीच्या सुमारास तेथील वृद्ध स्त्रियांनी, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, अशी हळहळ बोलून दाखविली. अशी हळहळ गावोगावी ऐकू येते आणि विरून जाते. येथे जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य मिळाले, ग्रामस्थांनी साथ दिली आणि ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षे वयाच्या स्त्रिया गुलाबी साडीचा गणवेश नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार ठेवली होती, कारण घरची आणि शेतातील कामे तोवर आटोपलेली असत.

या शाळेचे कौतुक देशाबाहेरही झाले. परंतु कौतुकापेक्षा तिची रीत अधिक मोलाची आहे. त्या स्त्रियांना कोणी जीवनाचे ध्येय विचारले नाही. त्यांनी एक साधी इच्छा सांगितली. ऐकणारा माणूस जवळ होता. पहिले पाऊल टाकता येईल एवढे जवळ, आणि टाकवेल एवढे लहान होते. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही करता आली, की पुढचे अक्षर शिकण्याची ओढ आपोआप लागते. सत्तराव्या वर्षी हे घडू शकते, तर सोळाव्या वर्षी न घडण्याचे काही कारण नाही.

सिद्धगडची साक्ष

ठरलेली दिशा बदलणे हाही पुष्कळांना अपराध वाटतो. त्यांनी सिद्धगडाकडे पाहावे. याच मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाई कोतवाल माथेरानच्या एका गरीब कुटुंबात १९१२ साली जन्मले आणि शिकून वकील झाले. वकिली करून सुखाने जगणे त्यांना शक्य होते. परंतु कर्जत परिसरातील शेतकऱ्यांचे अज्ञान आणि कर्जबाजारीपण त्यांनी जवळून पाहिले आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, अडीअडचणीला धान्य मिळावे म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले, ते त्यानंतर. त्यांचे एक काम दुसऱ्या कामाकडे घेऊन गेले. अखेरचे पाऊल कोणते असेल, हे पहिले पाऊल टाकताना कोणालाही माहीत नव्हते.

जवळच्या वाटा

तेव्हा ‘आयुष्यात काय व्हायचे?’ या प्रश्नाऐवजी ‘येत्या वर्षात काय करून पाहायचे?’ हा प्रश्न मुलांपुढे ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. या प्रश्नाची उत्तरे फार दूर नाहीत. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांतील काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण उमेदवारालाही प्रवेश मिळू शकतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. नापास झालेल्या मुलास निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा देता येते. ज्याची शाळा सुटली, त्यास १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापूर येथेच आहे, आणि आश्रमशाळा व वसतिगृहांची माहिती तेथे मिळते.

परंतु ही माहिती कार्यालयाच्या फलकावर असणे निराळे आणि पाड्यावरील आईबापांना उमगणे निराळे. प्रवेशाची मुदत संपत आली असताना जातीचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, म्हणून कित्येक मुलांचे वर्ष वाया जाते. एकदा गेलेले वर्ष बहुधा परत येत नाही. मुलगा कामाला लागतो आणि मुलीचे लग्न ठरते.

गावाने करावयाचे काम

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील नववी-दहावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचावी. वीटभट्टीवर गेलेल्या मुलांची नावे त्यात प्रथम असावीत. दाखल्यांचे शिबिर निकालानंतर नव्हे, तर परीक्षेपूर्वी भरवावे. शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी मुलांना प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा, रुग्णालय, बँक आणि एखादे उत्तम शेत दाखवावे, आणि तेथे काम करणाऱ्यांशी त्यांना मनमोकळे बोलू द्यावे. शहापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ सालापासून पेसा कायद्याखालील अबंध निधी थेट मिळू लागला, आणि त्यातून शिक्षणावरही खर्च करण्याची तरतूद ठेवली गेली. एस.टी.च्या भाड्यासारखी लहान अडचण मुलाच्या वाटेत येऊ नये, एवढे तरी ग्रामसभेला पाहता येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाने निवडलेली वाट त्याला मानवली नाही तर त्याला हिणवू नये. वर्षभराने त्याला पुन्हा विचारावे, ‘काय जमले, काय जमले नाही?’ त्या उत्तरातूनच त्याची पुढची दिशा ठरते.

फांगण्याच्या आजीबाईंचे बोलणे ऐकणारा एक शिक्षक गावात होता, म्हणून पाटी हाती आली. पुढच्या निकालाच्या दिवशी गावातील मुलगा किंवा मुलगी गप्प उभी राहील, तेव्हा तिचे ऐकून घेणारे कोणी तेथे असेल काय, हा प्रश्न मुलांनी नव्हे, वडीलधाऱ्यांनी सोडवावयाचा आहे.