गूळपाण्याचा धडा
(पलूस येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपला पलूस भाग उसाचा व द्राक्षांचा. येथे गोड वर्ज्य करण्याची गोष्ट बोलणे हे धाडसच होय. तथापि ‘कीटो’ आहार आता आपल्याही घरांत शिरला आहे. अमेरिकेतील डॉ. वाइल्डर यांनी तो १९२१ साली अपस्माराच्या रोग्यांसाठी सुचविला. पिष्ट व साखर मिळून दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवली, म्हणजे काही दिवसांत शरीर चरबी जाळू लागते व यकृतात कीटोन द्रव्ये बनतात. ज्वारीच्या दोन भाकरींतच ही मर्यादा ओलांडते. सणाच्या पुरणपोळीची कथाच नको.

गतवर्षी मी हे व्रत निष्ठेने पाळले. परंतु डॉक्टरांना न विचारता मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेने घेत राहिलो. आठव्या दिवशी साखर एकाएकी उतरली. दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाईंनी गूळपाणी पाजले, म्हणून आज आपणांपुढे उभा आहे.

यास्तव हात जोडून विनवितो : मधुमेही मंडळींनी ताट बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. इन्शुलिन तर स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. त्याने रक्तात आम्ल साचून जीवावर बेतते.