मधला पगार किती?

महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली ती १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्याआधी जागा थोड्या आणि मुले फार, अशी स्थिती होती. आता पुष्कळ घरांत अडचण वेगळी असते. प्रवेश दोन्हीकडे मिळतो, घ्यायचा कुठे?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हा पेच आला. एकीकडे पुण्याजवळचे खासगी विद्यापीठ, चार वर्षांचे शुल्क १० लाख, वसतिगृहाचे वेगळे. दुसरीकडे एसटीने तासाभरावरचे विनाअनुदानित महाविद्यालय, शुल्क ४ लाखांच्या आत. भाची म्हणाली, "मामू, पुण्याचं सरासरी पॅकेज ८ लाख आहे!"

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शाळेतले गणित थोडे आठवते. पाचांपैकी चौघांना वर्षाला ३ लाख आणि एकाला २८ लाख मिळाले, तर सरासरी बरोबर ८ लाख येते. यात खोटे काही नाही. मात्र ८ लाख एकालाही मिळालेले नसतात! पगार चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या, ज्याला दहावीच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. तो येतो ३ लाख.

हा आकडा शोधता येतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था तो कळवतात. पहिल्या वर्षाला किती मुले घेतली, ठरल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली, हेही त्या तक्त्यात असते. ते जरूर पाहावे, कारण पॅकेज फक्त नोकरी लागलेल्यांचेच मोजतात. आम्ही दोन तक्ते शेजारी ठेवले. मधल्या पगारातला फरक वर्षाला लाखभराचाही नव्हता.

आता कर्ज. १० लाख रुपये, १० टक्के व्याज, १० वर्षे मुदत धरली तर हप्ता महिना सुमारे १३,२०० रुपये. वर्षाला ३ लाख म्हणजे महिना २५,०००. निम्म्याहून अधिक पगार बँकेत. व्याजाचा पैसा माझ्या बहिणीला तसाही नको होता. पण ज्यांना व्याजाचे वावडे नाही, त्यांनाही हे ओझेच आहे.

पुण्याला काहीच अर्थ नाही असे मी म्हणत नाही. मोठ्या शहरात कारखाने, कंपन्या जवळ असतात, शिकता शिकता उमेदवारी करता येते. त्यासाठी जास्त मोजावे, पण किती, ते ठरवून मोजावे.

आमचा निर्णय शेवटी वेगळ्याच गोष्टीने झाला. २०२४ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे. आम्ही तांबोळी, म्हणजे इतर मागास वर्गात. खासगी विद्यापीठांना मात्र ही सवलत लागू नाही. म्हणजे पुण्याचे १० लाख तसेच राहिले, आणि इकडचे जवळजवळ सगळे शुल्क गेले. ही गोष्ट कुठल्याच माहितीपुस्तिकेत आम्हाला दिसली नाही.

प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतूनच घ्यावा लागतो, संस्थास्तरावरच्या जागेला माफी नाही. आणि जातवैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. मुलगी अकरावीत असतानाच अर्ज करून ठेवा.