थोड्या शक्तीचा बिनतारी संच



खंडाळा म्हटलें कीं मुंबईकरांस बोरघाट आठवतो. मी बोलणार आहें तें साताऱ्याकडील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्याविषयीं. घाटापलीकडे वाई. हातांत मावणारा अतिलघुलहरींचा संच घेऊन येथून वाईकराशीं बोलूं गेल्यास मध्यें डोंगर उभा राहतो, कारण त्या लहरी सरळ रेषेंत धांवतात. ४० मीटरच्या लहरी मात्र उभ्या वर जाऊन आकाशांतील विद्युद्भारित थरावरून परततात व डोंगरापलीकडे उतरतात. म्हणून या मुलखांतील हौशी मनुष्यानें पहिला संच घ्यावा तो ४० मीटरचा.

शक्ति किती असावी? १०० वॅटच्या जागीं ५ वॅट म्हणजे विसावा हिस्सा. ऐकूनच धीर सुटतो. परंतु ऐकणाऱ्याच्या संचावरील कांटा त्यामुळें दोन अंशांहून थोडाच अधिक उतरतो. तितका तोटा निष्काळजीपणें टांगलेल्या तारेनेंहि सहज होतो. तेव्हां पैसे राखावे ते तारेसाठीं: दोन्ही बाजूंस सुमारें दहा-दहा मीटर तांब्याची तार, उंची धाब्याहून थोडी अधिक. जवळच्या गांवांसाठीं फार उंच नकोच.

विक्रेता वॅट सांगत राहतो. आपण विचारावें, नुसतें ऐकत असतां हा संच वीज किती खातो? एक अँपिअर खाणारा संच सात अँपिअर-तासांच्या बॅटरीवर फार तर सात तास टिकेल. पाव अँपिअरचा अहोरात्र चालेल. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलींत कृष्णेचें पाणी शिरलें, तशा रात्रीं हा हिशेब वॅटांहून मोलाचा ठरतो. संचांत मोर्सचीहि सोय असावी. बोलणें जेथें खरखरींत विरून जातें तेथेंहि मोर्सचा बारीक सूर ऐकूं येतो.

स्वतः जोडण्याची हौस असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं रचलेला 'बिटेक्स' पाहावा. येथल्या बाजारांत मिळणाऱ्या साध्या भागांवर त्याची रचना झाली. वेटोळीं गुंडाळण्यास त्यांनीं नळाचे वॉशर वापरले! असा संच बिघडला तर घरीं दुरुस्त करतां येतो, आणि माझ्या मतें हा गुण डोळे दिपविणाऱ्या तबकडीपेक्षां मोठा आहे.

४० मीटरची वाट आपणांस नवी नाहीं. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईंत गुप्तपणें चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे; ती जागा आजच्या हौशी पट्ट्यांतच पडते. त्यांना परवाना कोण देणार होतें? आपणांस मात्र सरकारी परीक्षा देऊन तो घेतलाच पाहिजे, आणि तोंवर बोलण्याची कळ दाबावयाची नाहीं.